मागचे छत्तीस दात

१२ सप्टेंबर १९९३, रविवार. जिंतूर

आज नवं कार्ड बसलं. बळीराम सकाळी नऊला आला आणि दुपारी दोनपर्यंत कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून बसला होता. हा माझा मेव्हणा, कमलचा धाकटा भाऊ. स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आय.टी.आय. झालेला, हात सोन्याचा. आमचं सगळं मशीन त्यानंच सुटे भाग जमवून जोडलंय. कार्ड हैदराबादहून आणलं. पडद्यावर चित्र दाखवणारं, सोळा बिटांचं. आधीचं आठाचं होतं.

फरक काय म्हणून विचारलं तर म्हणतो, "दाजी, फिजिक्सचे मास्तर तुमी. तुमीच सांगा की." मग कार्ड उलटं धरून दाखवलं. खालच्या काठाला सोनेरी पट्ट्या, ओळीनं दात असावेत तशा. पुढच्या तुकड्यात दोन्ही अंगांचे मिळून बासष्ट. मग एक फट. मग मागं आखूड तुकडा, त्यात छत्तीस. जुन्या कार्डाला हा मागचा तुकडा नव्हताच. बोर्डावर कार्ड बसायची जागा, स्लॉट, तीही अशीच दोन तुकड्यांची.

मी: म्हणजे जुनं आखूड कार्ड लांब स्लॉटात चालतं?
ब.: चालतंय. मागचा भाग रिकामा ऱ्हातो.
मी: आणि लांब कार्ड आखूड स्लॉटात?
ब.: समदे न्हाई, पर काही काही चालत्यात. आठ होऊन.

"आठ होऊन" हे आवडलं. पुढच्या बासष्टांत चित्राचा माल वाहणाऱ्या तारा आठच, बिटाला एक. बाकीच्या पत्ता सांगायला, वीज द्यायला. मागच्या तुकड्यात आणखी आठ. एकाच विहिरीवर दुसरी मोट जोडावी तसं. विहीर तीच, पाणी तेच, पाटाला मात्र दुप्पट.

प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणून ठेवलंच होतं. मी लिहितोय त्या कार्यपुस्तिकेतली आकृती ७ (बहिर्वक्र भिंग, तीन किरण) पडद्यावर पूर्ण उमटायला जुन्या कार्डावर १५ सेकंद. नव्यावर ८. तीनदा मोजलं. जे मोजलं नाही ते मी मानत नाही.

कमल: "सात सेकंदांसाठी दोघं बी सकाळधरनं उपाशी."

कार्यपुस्तिकेच्या चौसष्ट आकृत्या आता उन्हाळ्यापर्यंत होतील असं वाटतं.


२३ ऑक्टो., शनि.

खंडेनवमी. तिकडं लातूरकडं भूकंपानं एवढं झालं, त्यामुळं यंदा गल्लीत सणाचा आवाज नाही. तरी घरोघरी हत्यारं पुजली. शेजारी विळे आणि कुळवाची पास, समोर शिलाई मशीन. क. म्हणाली, आपलं हत्यार कोणतं, तुमचा खडू? आणि कॉम्प्युटरकडं बोट.

मी वर्गात लिंबू-मिरचीवर तासभर बोलणारा माणूस. परीक्षेच्या पॅडवर अंगारा लावून आलेल्या मुलींना मी बाहेर पुसून यायला लावलंय. पण क.चा चेहरा बघून नाही म्हणवेना. मग म्हटलं, डबा कसला पुजायचा, तो नुसता पत्रा. पुजायचं तर आतलं पुजू. झाकण काढलं, कार्ड हळूच उपसलं (ब. कसं काढतो ते बघून ठेवलंय), पुढच्या लोखंडी पट्टीला धरून तिला दाखवलं. हे बघ सोनं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरं सोनं.

तिनं ताम्हण पुढं केलं. ओलं हळद-कुंकू मीच बोटानं लावलं. नवलाई त्या मागच्या आखूड तुकड्याची, म्हणून टिळा तिथंच, चांगला भरभरून. स्लॉटलाही. झेंडूचं फूल वर. मग फूल काढून कार्ड होतं तसं बसवलं. मशीन सुरू झालं, प्रश्नपत्रिका टाइप झाली. देव प्रसन्न.

ब. सणाला गावी, चारठाण्याला. असता तर दिवसभर हसला असता.


१५ नोव्हें., सोम. भाऊबीज

ब. आला. क.नं ओवाळलं. मी बाजारात होतो तेवढ्यात त्यानं मशीनचं झाकण काढून सायकलच्या पंपानं धूळ उडवली म्हणे.

जेवताना त्यानं सांगितलं, आमच्या संस्थेत जूनपासून कॉम्प्युटरचा वर्ग निघणार, चार मशीन येणार, शिकवायला माणूस पाहिजे. त्यानं अर्ज केलाय. डिग्री नाही, पण सचिव म्हणाले काम येत असेल तर बघू.

"दाजी, आमच्या घरात आजवर कुणाला सर म्हणलं न्हाई. दादा (माझे सासरे) मेंढराला आवाज द्यायलाय आन् मेंढरं दादाला. मला कुणी सर म्हणलं तर कसं वाटंल?"

मी म्हटलं, पहिले चार दिवस चांगलं वाटतं. त्यानंतर सवय होते आणि माणूस बिघडतो. तो हसला. जाताना दारातून वळून परत म्हणाला, "तुमी एक शब्द टाका."


२१ नोव्हें., रवि.

महिनाभर नुसत्या प्रश्नपत्रिका आणि पेपर तपासणी. आज आकृत्या उघडल्या. पडदा रांगतोय. वाटलं, नव्या आकृत्या जड आहेत. मग आकृती ७ उघडली, तीच, सप्टेंबरातली.

१५ सेकंद.

घड्याळ अडकलं असेल म्हणून तीनदा. १५, १५, १५.


२२ नोव्हें.

मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर सगळ्यात वर एक ओळ क्षणभर येऊन जाते. आजवर वाचली नव्हती. आज चारदा बंद-चालू करून वाचली. कार्डाचं नाव, आणि पुढं: ८ बिट.

आधी काय होतं? माहीत नाही. एवढं मोजणारा मी, आणि ओळ वाचली नाही.


२८ नोव्हें., रवि.

मन शांत होत नाही. सरळ गणित मांडलं. सप्टेंबरात ८ सेकंद, म्हणजे कार्ड सोळाचं होतं. आता १५, म्हणजे आठाचं आहे. मधे पेटी कुणी उघडली? भाऊबीजेला, मी घरी नसताना, ब.नं.

त्याच्याकडं गिऱ्हाईकं येतात. एखाद्याला चांगलं कार्ड तातडीनं लागलं असेल. परत आणून बसवीन म्हणाला असेल मनात. चोरी म्हणत नाही मी. पण विचारायला पाहिजे होतं.

क.ला बोललो नाही. तिचा भाऊ.

(झाकण काढून कार्ड बघावं, असं एकदा मनात आलं. आकडा तीनदा मोजलाय, आणखी काय बघायचं, म्हणून नाही काढलं.)


४ डिसें., शनि.

सचिवांनी ऑफिसात बोलावलं. चहा. म्हणाले, "सर, मेव्हणा म्हणून न्हाई, मशीनचा माणूस म्हणून सांगा. बळीरामच्या हाती चार मशीन द्यावेत का?"

मी म्हटलं, हुशार आहे. माझं मशीन त्यानंच जोडलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जिभेला खाज. पुढं म्हटलं, "फक्त सुटे भाग त्याच्या हातात देताना मोजून द्या."

सचिवांनी वर बघितलं. चहा संपवला.

घरी येताना वाटलं, खरं तेच बोललो. दोन चौक गेल्यावर तेवढं वाटेना.


१२ डिसें., रवि.

ब. सकाळी आला. बसला नाही. चपलाही काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभा.

"दाजी, कोणता भाग कमी भरला?"

परभणीचा एक सर्टिफिकेटवाला घ्यायचं जवळपास ठरलंय. सचिवांनी याला स्पष्ट सांगितलं, तुमच्या दाजींनीच म्हटलं, भाग मोजून द्या.

मी त्याला आत घेतलं, मशीन सुरू केलं, ती ओळ दाखवली. ८ बिट. स्टॉपवॉच लावून दाखवलं. तो वाकून बघत राहिला. रागापेक्षा कोड्यात पडल्यासारखा. तेवढ्यापुरता विसरला असावा कशासाठी आलाय. म्हणाला, "आसं व्हाया न्हाई पायजे. उघडू का?"

मी म्हटलं, "नको. तू हात लावू नको."

हे शब्द माझेच. लिहून ठेवतो.

क. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो तिच्याकडं बघून "येतो अक्का" म्हणाला आणि गेला. दिवसभर क. माझ्याशी चार वाक्यं बोलली, त्यातली दोन मिठाबद्दल.


१९ डिसें.

स्टँडवरून येताना ब.चं दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, आठ दिवस झाले, गावाकडं गेला, मेंढरं घेऊन रानात हिंडायलाय.

क.: "तुमी त्याला सरळ इचारायचं सोडून त्या सचिवाला कामून सांगितलं?"

मी म्हटलं, मला विचारलं म्हणून. ती म्हणाली, "मास्तर हाव तुमी. पोरानं असं उत्तर दिलं तर तुमी त्याला उभं करता."


२७ डिसें., सोम. औरंगाबाद

प्रॅक्टिकल परीक्षेची बैठक. येताना पहाटे अंधारात घाईनं कार्ड काढून पेपरात गुंडाळून आणलं होतं, सोळाचं नवं बघावं म्हणून. बैठकीनंतर एका दुकानात गेलो.

दुकानदार तरुण, बोलका. आधी मला एक लांबलचक कार्ड दाखवलं. त्याला मागच्या तुकड्याच्याही मागं तिसरा तुकडा, तपकिरी. म्हणे, हे आताचं. प्रोसेसरच्या थेट रस्त्यावर बसतं, चित्र झपकन. हे कितीपट वेगवान, ते लिहून घ्यावं म्हणून मी वही काढली. तो हसला. "सर, लिखो मत. ये आपके मशीन को लगेगाच नहीं. तुमच्या बोर्डावर हा तिसरा स्लॉटच नसणार. पूर्ण बोर्ड बदलावा लागेल." बसतं आणि चालतं या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यानं मला तिथं उभ्या उभ्या शिकवलं.

मग माझं कार्ड पेपरात गुंडाळलेलंच त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, हे आठाचं, याच्या जागी सोळाचं द्या.

त्यानं पेपर सोडून उलटं केलं. "आठ का? ये तो सोला का है."

मी म्हटलं, मशीन आठ म्हणतं. त्यानं खोडरबर घेतलं, दातांवरून चार वेळा फिरवलं (सवयच त्याची, प्रत्येक कार्डावर फिरवतो), फुंकर मारली, चुरा लालसर पडला. त्याच्या मशीनमध्ये बसवलं. पहिली ओळ: १६ बिट.

"कार्ड एकदम अच्छा है सर. कोणी आणलं? माणूस जाणकार आहे."

पुढचं काही ऐकलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मांडीवर ते कार्ड. ब.नं कार्ड बदललं नव्हतं. बदललं नव्हतं. जिंतूर येईपर्यंत एवढंच.


२८ डिसें.

कार्ड घरी परत बसवलं. पहिली ओळ: ८ बिट. आकृती ७: १५.

तेच कार्ड, तिकडं सोळा, इकडं आठ. म्हणजे खोट माझ्या स्लॉटात. पण सप्टेंबरात याच स्लॉटात ते सोळा होतं. सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या मधे स्लॉटाला काय झालं?

ब.नं पंपानं धूळ उडवली. धूळ उडवल्यानं बिघडत नाही, सुधारतं.

मग?


२ जाने. १९९४, रवि.

सकाळी मशीन अंगणात उन्हात आणलं. झाकण काढून कार्ड उपसलं. भिंगाच्या प्रयोगातलं भिंग घेतलं आणि स्लॉटात बघितलं. पुढच्या तुकड्यात पितळेच्या जिभल्या चकचकीत. मागच्या तुकड्यात जिभल्या दिसेचनात. काहीतरी वाळून घट्ट बसलेलं, लालपिवळं.

मला वाटलं गंज. टाचणीनं जरासं उकरलं. क.ला हाक मारली. तिनं टाचणीचं टोक नाकाशी नेलं.

"ह्ये गंज न्हाई. कुंकू हाय. हळद बी."

मग माझ्याकडं बघत राहिली. मीही. मी उठून ही वही आणली. २३ ऑक्टोबरचं पान. उन्हात उभं राहून तिला वाचून दाखवलं. "ओलं हळद-कुंकू मीच बोटानं लावलं." "नवलाई त्या मागच्या आखूड तुकड्याची." "भरभरून." "देव प्रसन्न." माझ्याच अक्षरात.

मागचे छत्तीस दात लागले नाहीत, म्हणून कार्डाला वाटलं आपण आखूड स्लॉटात बसलोय. आणि ते मुकाट आठ होऊन चालत राहिलं. बंद पडलं असतं तर मी त्याच दिवशी शोधलं असतं.

क. म्हणाली, "म्हंजी बळ्या उघडू का म्हणला, तवाच घावलं असतं."

हो.

साफ केलं नाही. स्पिरिट आहे घरात, ब्रश आहे. पण ज्याला हात लावू दिला नाही, त्याच्या आधी मी हात लावायचा नाही असं ठरवलं. झाकण लावून ठेवलं.


५ जाने.

तीन दिवस मनात चिठ्ठी लिहितोय सचिवांना. एक मसुदा असा: "तपासणीअंती मशीनमध्ये स्लॉटाचा दोष आढळला, बळीरामचा संबंध नाही." चांगला आहे. सरकारी. कुंकवाचा शब्द नाही. कोण विचारणार दोष कसला?

पण मग संस्थेच्या कमिटीतला कोणीही म्हणेल, स्लॉट खराब असलेलं मशीन जोडलं कुणी? बळीरामनंच ना? म्हणजे पुन्हा त्याच्याच अंगावर.

कुंकू सांगावंच लागेल. आणि मी लावलं, हे. अंगारा पुसायला लावणारे सर. मुलांपर्यंत दोन तासांत जाईल. फळ्याकडं तोंड केलं की मागून हसतील, जन्मभर.

मसुदा फाडला. दुसरा लिहिला नाही.


९ जाने., रवि. चारठाणा

पहिल्या बसनं गेलो. वेशीपासून जुन्या देवळांच्या बाजूनं चालत. ज्वारीच्या पलीकडं एका रिकाम्या रानात मेंढरं बसवलेली, खतासाठी. सासरे दूर, डोक्यावर घोंगडं. ब. बाभळीखाली बसून दोरीची गाठ सोडवत होता.

उठला. "या दाजी." घरचं पाहुणचाराचं वळण, रागातही सुटत नाही. तांब्या पुढं केला.

मी पाणी पिऊन सगळं सांगितलं. औरंगाबाद, खोडरबर, भिंग, कुंकू. न थांबता, धडा म्हणावा तसं. माफी कुठं घालायची ते कळेना, म्हणून शेवटी घातली.

तो आधी म्हणाला, "मागच्या तुकड्याला? छत्तीसच्या छत्तीस?"

"एका अंगाच्या अठरांवर तरी दिसलं."

"ओलं कुंकू," म्हणून मान हलवली. "वाळलं की पक्कं बसतंय. लय दिवस ऱ्हातंय." जरा हसू येतं की काय असं वाटलं. आलं नाही. दोरीकडं बघत म्हणाला:

"ह्ये तुमी मला सांगायला आलात. मला ठाव होतं की मी न्हाई केलं. ज्यांना ठाव न्हाई त्यांना कोन सांगायचं?"

मी सांगतो म्हटलं. चिठ्ठी देतो.

"चिठ्ठी नगं. तवा चिठ्ठी न्हवती दिली. तोंडानं बोलला व्हतात."

एक मेंढी उठून ज्वारीकडं निघाली, तो तिच्यामागं गेला. बराच वेळ आला नाही. सासऱ्यांनी लांबून हात केला, मी हात केला. परतीची बस पकडली.


१५ जाने., शनि.

आज कमिटी होती. झाली नाही. काल विद्यापीठाच्या नामविस्ताराचं जाहीर झालं. स्टँडवर पोलीस, एस.टी. बंद, पलीकडच्या वस्तीत निळा गुलाल आणि हलगी, आमच्या गल्लीत दारं ओढून घेतलेली. शिपाई सांगत आला, बैठक पुढच्या शनिवारी.

खरं सांगायचं तर ऐकून सुटल्यासारखं वाटलं. मग लगेच लाज वाटली. तिकडं माणसं एका नावासाठी सोळा वर्षं उभी राहिली. मला चार माणसांपुढं एक वाक्य बोलायचं तर बंद पडलेल्या बसचा आधार वाटतोय.

काल संक्रांत. क.नं माहेरी तिळगूळ पाठवला नाही. डब्यात तसाच. म्हणाली, "गोड बोला म्हणायला कोणत्या तोंडानं पाठवू?"


२२ जाने., शनि.

गेलो. वही घेऊन गेलो.

पाच जण. सचिवांनी विचारलं, काय सर, काही विषय? मी उभा राहिलो. वहीचं पान उघडलं. म्हटलं, मी बळीरामबद्दल जे बोललो ते चूक होतं, आणि का चूक होतं ते वाचून दाखवतो. आणि २३ ऑक्टोबर वाचलं. पूर्ण. देव प्रसन्नसकट.

मग एक सभासद, धान्य-गल्ल्याचे व्यापारी, तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. मग सगळेच. "सर, तुमी बी? आन् पोरांचा अंगारा पुसायला लावता!" मी म्हटलं, हो. मी बी. पुढं स्लॉटाचं सांगायला गेलो, बासष्ट आणि छत्तीस, कुणाला ऐकायचं नव्हतं. सचिव तेवढे ऐकत होते.

सचिव: "म्हणजे त्यानं काहीच नेलं न्हाई."
मी: काहीच नाही. उलट तो उघडून बघतो म्हणाला होता. मीच हात लावू दिला नाही.
सचिव: "मग तुमी हे तवा का बघितलं न्हाई, सर?"

याचं उत्तर मला येतं. मी माझ्या मोजमापावर खूश होतो. आकडे बरोबर होते. त्यावरून माणूस मापायला निघालो. एवढं लांब बोललो नाही, "चुकलं" म्हटलं.

परभणीवाल्याला पत्र अजून गेलेलं नाही. पण एका सभासदाचा तो भाचा निघाला. बघू म्हणाले. मार्चमध्ये ठरेल म्हणाले.

बाहेर आलो तर शिपाई हसत होता. दाराला कान होता त्याचा. सोमवारपर्यंत अकरावीला कळेल.


२३ जाने., रवि.

दुपारी बाराच्या सुमारास ब. आला. या वेळी चपला काढल्या. क.नं तिळगुळाचा डबा पुढं ठेवला. त्यानं एक उचलला, खिशात घातला.

माझ्याकडं न बघता: "ऐकलं मी. स्टँडवर समद्यांला म्हाईत हाय." मग: "वाचून दाखवलं म्हणं."

हो म्हटलं.

"देव प्रसन्न बी?"

"तेही."

त्यावर तो हसला. एकदाच, नाकातून. मग मशीनपाशी बसला आणि या वेळी विचारलं नाही, झाकण काढलं. मी स्पिरिट, कापूस आणि जुना दात घासायचा ब्रश आणून ठेवला. तासभर एकेक जिभली घासत होता. कापूस लाल होऊन बाजूला पडत होता. मी भिंग धरून उभा.

शेवटी कार्ड माझ्या हातात दिलं. "बसवा तुमी."

मी बसवलं, दाबलं. त्यानं बोटानं मागचा कोपरा दाखवला. "तुमी पुढूनच दाबता, दाजी. मागून बी दाबा." दाबलं. खट् असा बारीक आवाज आला, तो मी आजवर ऐकलाच नव्हता.

मशीन सुरू. ओळ आली, १६, गेली. आकृती ७ उघडायच्या आधी स्टॉपवॉच मी त्याच्या हातात दिलं. भिंग उमटलं, मग अक्ष, मग एक एक किरण. शेवटचा किरण आल्यावर त्यानं बटण दाबलं, काट्याकडं बघितलं. किती ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

नोकरीचं तोही बोलला नाही, मीही नाही. दुकान उघडणार का, क.नं विचारलं. "बघतो अक्का. मेंढरं अजून रानात हायेत."

तो गेल्यावर लक्षात आलं, स्टॉपवॉच त्याच्या खिशात गेलं, तिळगुळाबरोबर. कॉलेजचं आहे, उद्या अकरावीचं प्रॅक्टिकल, लंबकाचा प्रयोग. क.ला विचारलं, मागायला जाऊ, की आणून देईल तो?

म्हणाली, "तुमी जाऊ नका. वाट बघा."